डाँकीवर कोण बसले?
सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की सर्वांत आधी हाताशी येते ती प्राचार्यांची यादी, त्यामागून इमारतींची आणि मग देणगीदारांची. आपण ज्याला सरसकट ‘जेजे’ म्हणतो त्या सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या या तिन्ही याद्या भारदस्त आहेत आणि त्या अनेकदा छापूनही झाल्या आहेत. स्मरणिकेसाठी हे टिपण लिहिताना मी मात्र चौथी यादी हाती घ्यायची ठरवली, हजेरीपटाची. जेजेत चित्र काढायला बसण्याच्या त्या बुटक्या लाकडी घोडीला ‘डाँकी’ म्हणतात. दीड शतकाहून अधिक काळात या डाँकीवर कोणाकोणाची मुले बसली, ती कुठून आली, कोणी पाठवली म्हणून आली आणि कोणाला बसायला उशीर लागला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हे मी मुंबईपासून हजार किलोमीटर लांब, जबलपूरच्या विजय नगरात बसून लिहितो आहे. लांबून पाहण्याचा एक फायदा असतो. आत बसलेल्याला संस्थेचे छत दिसते, बाहेरच्याला दार किती उघडे आहे ते दिसते.

कारागिरांसाठी काढलेली शाळा

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले २ मार्च १८५७ रोजी, तेही एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत. त्याच वर्षीच्या १८ सप्टेंबरला जबलपुरात गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. एकच सरकार एकाच वर्षी एकीकडे तोफ डागत होते आणि दुसरीकडे पेन्सिल धरायला शिकवण्याचे वर्ग चालू करत होते. त्या काळची कलाशाळा समजून घेताना हे विसरून चालत नाही.

शाळेचा हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. सुतार, लोहार, सोनार, पाथरवट अशा घरांतल्या हुशार मुलांना रेखांकन शिकवावे, म्हणजे देशी कारागिरी सुधारेल आणि टिकेल, असा तो विचार होता. १८६५ मध्ये विलायतेहून शिक्षक आले. सजावटी चित्रणासाठी जॉन ग्रिफिथ्स, वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग आणि लोखंडी नक्षीकामासाठी हिगिन्स. पुढच्याच वर्षी व्यवस्थापन सरकारकडे गेले. आजची इमारत १८७८ ची. तेवढ्यात शेजारी व्हिक्टोरिया टर्मिनसचे बांधकामही सुरू झाले आणि त्या स्थानकाच्या दर्शनी भागावरची पाने, फुले, प्राणी, पक्षी यांच्या कोरीवकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. जबलपूरहून मेलने मुंबईला उतरणारा प्रवासी स्थानकाबाहेर येऊन मान वर करतो तेव्हा त्याला दिसते ते याच शाळेतल्या मुलांचे काम. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठेही कोरलेली नाहीत.

बोलावले कोणाला, आले कोण

शाळा काढली कारागिरांच्या मुलांसाठी, पण बाकावर येऊन बसू लागली निराळीच मुले. सुताराच्या पोराला बापाच्या हाताखाली फुकट शिकता येत होते आणि शिकता शिकता घरात चार पैसेही येत होते. मुंबईत राहून वर्षानुवर्षे पुतळ्यांवरून रेखाटने करणे त्याच्या घराला परवडणारे नव्हते. उलट थोडे इंग्रजी शिकलेल्या पांढरपेशा घरांना ड्रॉइंगमध्ये नोकरी दिसली. बांधकाम खात्याला नकाशे काढणारे हवे होते, रेल्वेला हवे होते आणि शाळांना ड्रॉइंग मास्तर हवे होते. कारागीर सुधारण्यासाठी काढलेली शाळा अशी हळूहळू मध्यमवर्गाच्या उपजीविकेची वाट झाली. हे कोणी ठरवून केले नव्हते. फी, भाषा आणि मुंबईतला राहण्याचा खर्च यांनी ते केले.

आरंभीच्या नामवंतांत पारशी विद्यार्थी ठळकपणे दिसतात. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्या चमूत पेस्तनजी बोमनजी होते. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. सुरतेजवळच्या पिठा गावाचे नाव लावणारे पिठावाला हे पुढच्या पिढीतले. मुंबईच्या पाठारे प्रभूंसारख्या शिकलेल्या समाजातूनही मुले आली. महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये शाळेत दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत राहिले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन म्हणजे विद्यार्थ्याच्या आणि मास्तरांच्या नजरेतून दिसलेली जेजे आहे. गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली ती १८९६ मध्ये, विद्यार्थिदशेत, विशीच्या आसपास असताना.

१८९१ मध्ये लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली. धातुकाम, लाकूडकाम, गालिचे असे हस्तव्यवसाय पुन्हा शिकवले जाऊ लागले. निसटून गेलेल्या मूळ विद्यार्थ्याला परत बोलावण्याची ही खटपट होती. १९१० मध्ये सर जॉर्ज क्लार्क प्रयोगशाळेत कुंभारकामही आले. तरीही एकाच आवारात दोन जगे राहिलीच, एक वर्कशॉपमधले आणि एक स्टुडिओमधले. पदके, प्रदर्शने आणि चरित्रकोशातल्या नोंदी दुसऱ्याच्या वाट्याला आल्या.

ड्रॉइंग मास्तरांनी काढलेला नकाशा

मुंबईबाहेरचा मुलगा जेजेत पोहोचायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की दर वेळी एकच माणूस भेटतो, गावच्या हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा मुंबई इलाख्यात गावोगावी होत. स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. शनिवारी-रविवारी जादा तास घेऊन मास्तर मुलांना त्या परीक्षांना बसवत. एखाद्याला ‘ए’ ग्रेड मिळाली की मास्तर त्याच्या घरी जात आणि वडिलांना सांगत, याला जेजेत धाडा. ते मास्तर स्वतः बहुधा जेजेतून आर्ट टीचर किंवा आर्ट मास्टर होऊन आलेले असत. शाळेने शिक्षक घडवले, शिक्षकांनी शाळेला विद्यार्थी पाठवले. रहाट फिरत राहिला.

महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवला तर या रहाटाचे पाणी कुठे कुठे पोहोचले ते दिसते. कोल्हापूरने धुरंधरांबरोबर आबालाल रहिमान दिले. सावंतवाडीने सा. ल. हळदणकर दिले, आणि श्रीपाद दामोदर सातवळेकरही. वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जाणारे पंडित सातवळेकर मुळात जेजेचे चित्रकार, हे आज अनेकांना ठाऊकही नसते. अलिबागजवळच्या सासवण्याने शिल्पकार वि. पां. करमरकर दिले. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद (दादासाहेब) फाळके १८८५ मध्ये इथे दाखल झाले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि त्यानंतर काय घडले ते सर्वांना माहीत आहे.

मराठी मुलखाच्या कडेलाही दार उघडे होते. पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यातून अँटोनियो झेवियर त्रिंदाद आले. पुढे दीनानाथ दलाल, फ्रान्सिस न्यूटन सूझा, लक्ष्मण पै आले. गोव्याला स्वतःचे कला महाविद्यालय मिळाले ते मुक्तीनंतर, आणि लक्ष्मण पै त्याचे प्राचार्य झाले. भावनगरचे रविशंकर रावळ इथे शिकून गेले आणि गुजरातचे कलागुरू ठरले. उडुपीकडून आलेले के. के. हेब्बर इथे शिकले आणि शिकवूही लागले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही हा वर्ग नुसता मराठी नव्हता. कोकणी, गुजराती, तुळू, उर्दू या घरच्या भाषा आणि वर्गात इंग्रजी-मराठीची सरमिसळ, असाच तो होता.

मुलींची बाकडी

मुलींना इथे बसायला वेळ लागला. ज्या पहिल्या विद्यार्थिनींची नावे टिकली त्यांच्यात एक साम्य आहे: घरातच चित्रकार होता. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) या महादेवरावांच्या कन्या, अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) या अँटोनियो त्रिंदादांच्या. वडील त्या आवारात वावरलेले असले की मुलीला तिथे पाठवण्याचे भय निम्मे होई. ज्यांच्या घरी ब्रश नव्हता अशा मुली येऊ लागल्या त्यानंतर. नवसारीत जन्मलेल्या होमाई व्यारावाला इथे शिकल्या आणि पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गाजल्या. त्यांच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत जेजेतल्या मैत्रिणी आहेत. त्या काळच्या विद्यार्थिनींचे चेहरे पाहायचे असतील तर तिथे पाहावे.

कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये १९५१ मध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या. भानू अथैया या नावाने त्यांनी ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये भारताला पहिले ऑस्कर मिळवून दिले. नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा आधी नागपूरला शिकल्या, मग जेजेत आल्या. त्यांच्या चित्रांतल्या उंच, काळसर, हातपाय बारीक असलेल्या कष्टकरी बायका मुंबईच्या चित्रशाळेला तोवर मॉडेल म्हणूनच माहीत होत्या. गोव्याच्या प्रफुल्ला जोशी, म्हणजे नंतरच्या प्रफुल्ला डहाणूकर, त्याच दशकातल्या. कराचीत जन्मलेल्या आणि फाळणीने निर्वासित झालेल्या कुटुंबातल्या नलिनी मलानी साठच्या दशकात आल्या. नवा विद्यार्थी येताना नुसते नाव घेऊन येत नाही, नवा विषयही घेऊन येतो. हजेरीपट बदलला की भिंतीवरची चित्रे बदलतात, याला यापेक्षा ढळढळीत पुरावा नको.

नर्मदेकाठची मुले

आता आमच्या मुलखाकडे येतो. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता हे रेल्वेमार्ग जबलपुरात येऊन जुळले. त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जबलपुरात आले होते. त्यांच्याच नावाचे मेयो पदक पुढे जेजेतल्या विद्यार्थ्याला मिळणारा सर्वांत मोठा मान ठरले. हा योगायोग असला तरी आम्हाला तो गोड वाटतो, कारण त्या रुळांवरूनच आमची मुले मुंबईला गेली.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी झाला. वडील वनखात्यात. ककैयाच्या प्राथमिक शाळेत चंचल हैदरला नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून दिला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. तो बिंदू पुढे पॅरिसपर्यंत गेला. दमोहला हायस्कूल, १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्ट आणि मग जेजेसाठी मुंबई. मुंबईत पोहोचेतो प्रवेशाची मुदत टळली होती आणि शिष्यवृत्तीही गेली. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी करून, उरल्या वेळात रस्ते आणि छपरे रंगवून त्यांनी मुंबईत पाय रोवले, जेजेत शिरकाव मिळवला आणि १९४७ पर्यंत शिक्षण पुरे केले. २०१६ मध्ये त्यांना मंडल्यात, वडिलांच्या शेजारी दफन करण्यात आले. दिंडोरी-मंडल्याकडची मुले चित्रकार होत नाहीत असे कोणी म्हटले तर आम्ही त्या कबरीकडे बोट दाखवतो.

हरी अंबादास गाडे यांची वाट याहून आडवळणाची. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर गाडे जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होते आणि शिकवता शिकवता चित्रे काढत होते. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला त्या सहा जणांत सूझा, रझा, आरा, हुसेन आणि सदानंद बाक्रे यांच्याबरोबर हे जबलपूरचे मास्तरही होते.

इंदूरकडच्या मुलांनी तिसरीच वाट काढली. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या इंदूरच्या चित्रशाळेत शिकायचे आणि परीक्षा मुंबईची द्यायची. ना. श्री. बेंद्रे यांनी मुंबईची सरकारी पदविका १९३३ मध्ये घेतली ती अशी. जेजेच्या आवारात न राहता जेजेच्या कागदावर आलेले असे विद्यार्थी हजेरीपटात सापडत नाहीत; निकालपत्रात सापडतात.

सगळे मुंबईलाच गेले असेही नाही. जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा शांतिनिकेतनला नंदलाल बसूंकडे गेले आणि संविधानाच्या उद्देशिकेच्या पानावरची नक्षी त्यांच्या हातून उतरली. एकाच शहराची दोन तोंडे, एक कलकत्त्याच्या बाजूला, एक मुंबईच्या. घरची भाषा कोणती आणि नातेवाईक कुठल्या गावी, यावर मुलाचे तिकीट ठरत असे.

दाराबाहेर राहिलेले

संस्थेच्या इतिहासात प्रवेश न मिळालेल्यांचीही दोन वाक्ये असावीत. म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांनी अर्ज पाठवला तेव्हा रेखांकनात पुरेशी गुणवत्ता नाही म्हणून तो नाकारला गेला. त्यांचा ‘कॉमन मॅन’ पुढे अर्धे शतक याच मुंबईत रोज सकाळी दारोदार गेला. सूझांना १९४५ मध्ये काढून टाकण्यात आले. के. एच. आरा घरगडी म्हणून काम करत, गाड्या धूत. ते कधीच इथले विद्यार्थी नव्हते. प्रोग्रेसिव्ह मंडळींत आत बसलेले, बाहेर काढलेले आणि आत कधीच न आलेले असे तिन्ही प्रकार एकत्र आले, हा त्या ग्रुपच्या जोराचा एक भाग आहे.

सीमा सरकल्या, वर्ग बदलला

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. रुळ तेच, मेल तीच, पण नागपूरच्या मुलासाठी जेजे आता आपल्या राज्यातले सरकारी महाविद्यालय झाले, जबलपूरच्या मराठी मुलासाठी मात्र ते परराज्यातलेच राहिले. जेमतेम अडीच आठवडे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले होते. तिथल्या राजदंपतीने आपल्या दिवंगत मुलीच्या नावाने राजवाडाच देऊन टाकला आणि सुरुवातीच्या काळात कुलगुरुपदी श्रीकृष्ण नारायण रातंजनकर होते. पूर्वेकडे मराठी गुरू आणि पश्चिमेकडे मराठी शहर; आमच्या बऱ्याच मुलांनी जवळचे आणि स्वस्तातले पूर्वेकडचे निवडले. तिकडे बडोद्यात १९५० पासून ललित कलेची पदवी मिळू लागली होती, तीही बेंद्र्यांसारख्या इंदूरच्या माणसाच्या हाताखाली.

महाराष्ट्राच्या आत मात्र दार रुंदावत होते. १९६५ मध्ये कला संचालनालय झाले आणि ग्रेड परीक्षांचे जाळे त्याच्या हाती आले. नागपूर, औरंगाबाद, पुणे, कोल्हापूर इथे कला महाविद्यालये वाढली. आरक्षण आणि फी-माफी यांमुळे ज्या घरांत आधी कोणी मॅट्रिकही नव्हते त्या घरांतली मुले चित्रांची बॅग खांद्याला लावून मुंबईला उतरू लागली. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी शाळा काढली असे म्हटले होते, त्यांची पणतवंडे आता खरोखर आली.

पदव्युत्तर वर्ग

वास्तुकला १९५८ मध्ये आणि उपयोजित कला १९६१ मध्ये वेगळ्या संस्था झाल्या. १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्नता आली आणि जी. डी. आर्ट या पदविकेच्या जागी बी. एफ. ए., एम. एफ. ए. या पदव्या आल्या. नाव बदलले तसे पदव्युत्तर वर्गाचे रूपही बदलले. पूर्वी एकाच छताखाली पाच वर्षे काढलेली मुले पुढे काही काळ तिथेच रेंगाळत. आता व्यक्तिचित्रण, सर्जनशील चित्रकला, भित्तिचित्रण, मुद्राचित्रण या शाखांच्या छोट्या वर्गात निरनिराळ्या गावच्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेली मुले येऊन बसतात. चार वर्षे शिकून, अनेकदा मध्ये नोकरी करून आलेली. त्यांचे वय थोडे जास्त, घरची जबाबदारी थोडी जास्त आणि मुंबईत राहायचे कुठे हा प्रश्न सर्वांत मोठा. कॅनव्हास किती मोठा घ्यायचा हे पुष्कळदा खोलीच्या दारावरून ठरते. दारातून आत जाईल तेवढा.

या वर्गाकडून संस्थेला मिळते ते मोलाचे आहे. प्रत्येक जण आपल्या गावच्या गुरूची पद्धत घेऊन येतो. कोल्हापूरच्या मुलाचा जलरंगाचा हात निराळा, विदर्भातल्या मुलीची रंगांची जाण निराळी. दोन वर्षांत ते एकमेकांकडून जे उचलतात ते कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेले नसते.

२०२३ मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याआधी अभिमत की राज्य विद्यापीठ, यावर माजी विद्यार्थ्यांत बरीच वादावादी झाली. त्या वादाच्या तळाशी एकच काळजी होती: फी वाढली तर उद्या डाँकीवर कोण बसेल? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर १८५७ च्या अनुभवात लिहून ठेवलेले आहे. शाळा कोणासाठी आहे हे उद्दिष्टपत्रिकेने ठरत नाही. फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि गावचा ड्रॉइंग मास्तर हे चौघे ठरवतात. यांतल्या तिघांची व्यवस्था नव्या विद्यापीठाला करता येईल. चौथ्याची मात्र हेळसांड होते आहे. अनेक शाळांत चित्रकलेचा तास दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाकडे गेला आहे, आणि जिथे मास्तर नाही तिथून विद्यार्थी येत नाही.

म्हणून ही स्मरणिका हाती घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपले नाव, वर्ष आणि शाखा तर कळवाच. त्यापुढे आपले गाव, घरचा व्यवसाय आणि ज्यांनी तुम्हाला ग्रेड परीक्षेला बसवले त्या शिक्षकांचे नाव हेही लिहून पाठवा. संस्थेचा हजेरीपट पूर्ण होईल तो त्या शेवटच्या रकान्यानेच.

विजय नगर, जबलपूर